सतरा नंबरच्या आजी

"नाही म्हणजे नाही! आजही होडी मिळणार नाही!" शांद्रू भिजलेलं डोकं झटकत वेशीच्या कमानीखाली आला. "मामा म्हणतो, आधी बंदरातलं पाणी बघ आणि मग माझ्यासमोर तोंड उघड."

"म्हणजे उरलेली सुट्टी भिंतीकडे बघत काढायची?" त्याची मैत्रीण ग्राझी वैतागली.

"काढ की! बिर्गूत भिंतींना काय तोटा?"

बंदराकाठच्या या तटबंदीच्या गावात तीन दिवस दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. किल्ल्याचे दगड घाम आल्यासारखे ओले झाले होते. त्यात हा मृतांच्या स्मरणाचा आठवडा. घरोघरी मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती आणि चर्चची घंटाही मधूनच एकेक ठोका टाकून गप्प बसत होती. सुट्टी कसली ती! फक्त ग्राझीचा धाकटा भाऊ तुमास मजेत होता. हाडाच्या आकाराची बदामाची मिठाई फक्त याच आठवड्यात मिळते, आणि त्याचं हे चौथं हाड होतं.

"ती बघा, पिवळी टोळी आली!" तो तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

पलीकडच्या धक्क्याला सकाळी मोठं जहाज लागलं होतं. त्यातले प्रवासी बसने इकडे आले होते. प्रत्येकाच्या छातीवर पिवळा कागद आणि त्यावर नंबर. पुढे छत्री नाचवत चाललेला सिल्वियो गाईड. जहाजाचे प्रवासी दिसले की ही तिघं 'देश ओळखा' खेळत.

"नऊ नंबर जर्मन. पायमोजे बघ!"

"तेवीस नंबर इटलीचा. हात बांधले तर मुका होईल!"

"आणि ती सतरा?" ग्राझीने विचारलं.

जांभळ्या रेनकोटातली एक म्हातारी बाई सगळ्यांच्या मागे राहिली होती. ती फोटो काढत नव्हती, गाईडचं ऐकतही नव्हती. एका बंद घराच्या दाराशी ती थांबली. दारावर तिने अख्खा तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मग छत्री टेकत टेकत ती बेकरीच्या बोळात वळली.

"हरवली वाटतं," तुमास म्हणाला.

"छे! हरवलेलं माणूस कोपऱ्यावर थांबून इकडेतिकडे बघतं. ही न बघता वळली."

एवढ्यात पाऊस कोसळला. प्रवासी ओरडत बसकडे पळाले. सिल्वियो दारात उभा राहून एकेकाच्या डोक्याकडे बोट करत मोजत होता. शेवटी, चांगल्या वीस मिनिटांनी, एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत चढला. "चाळीस! चला!" सिल्वियो ओरडला, आणि बस चिखल उडवत निघून गेली.

ग्राझी रस्त्याकडे बघतच राहिली. "जांभळा रेनकोट चढलाच नाही."

"तुझं लक्ष नसेल," शांद्रू म्हणाला.

"माझं लक्ष होतं! आणि तो शेवटचा जाड्या पाहिलास का? त्याच्या छातीवर हिरवा कागद होता. तो दुसऱ्याच टोळीतला!"

तुमासने बोटांवर हिशेब केला. "चाळीसात एक उपरा... म्हणजे पिवळे एकोणचाळीसच!"

तिघं एकदम बोळाकडे धावली.

बेकरीच्या बोळाच्या टोकाला भुयार आहे. महायुद्धात आकाशातून बॉम्ब पडायचे, तेव्हा अर्धी वस्ती खडकाच्या पोटात राहायची, त्यातलंच हे एक. गल्लीच्या मंडळाने ते पाहुण्यांना बघण्यासाठी ठेवलं होतं. साडेचारपर्यंत ते उघडं असायला हवं होतं. आत्ता कुठे तीन वाजत होते, पण लोखंडी दाराला हे मोठं कुलूप लागलं होतं!

आणि दाराबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेली एक काळी छत्री.

"आपल्या सतरा नंबरची!" ग्राझी म्हणाली. तिने गजांना कान लावला. आत अंधार होता, आणि अंधारात कुठेतरी पाणी पडत होतं. नुसतं ठिबकत नव्हतं, चांगली धार लागली होती.

"आजी! ओ आजी!"

उत्तर आलं नाही. तिघं राखणदाराकडे धावली.

भुयाराचे राखणदार विस्तिनकाका बँड क्लबात, म्हणजे गावच्या वाजंत्र्यांच्या अड्ड्यावर, पत्ते खेळत होते. त्यांनी वर बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

"पावसात कुत्रंसुद्धा येत नाही तिथे. लावलं कुलूप!"

"काका, आत कोणीतरी आहे! एक म्हातारी..."

"तीन हाका मारल्या मी! आत कोणी असतं तर ओ दिली असती की नाही?"

"पण तिची छत्री..."

"अशा अकरा छत्र्या पडल्यात माझ्याकडे! हवी तर तुला एक देतो. पळा आता, राजा पडायचाय माझा!"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. ग्राझीचे कान लाल झाले. बाहेर येताच तिने पोलीस चौकी गाठली, तर तिथला एकुलता एक पोलीस पाणी तुंबलेल्या रस्त्यावर गेलेला. पप्पा गोदीत कामावर होते आणि फोन उचलत नव्हते.

"कुलूप फोडू या!" तुमास म्हणाला.

"कशाने? तुझ्या मिठाईने?" शांद्रूने त्याला टपली मारली. मग तो थबकला आणि त्याचे डोळे चमकले. "कुलूप नको फोडायला. किल्ली आपल्या पायांनी चालत येईल. तुम्ही दाराशी थांबा."

तो धावत क्लबात शिरला आणि दारातूनच ओरडला, "विस्तिनकाका! नगरपालिकेच्या बाई आल्यात! भरदिवसा भुयाराला कुलूप का, म्हणून विचारतायत! चांगल्याच तापल्यात!"

काकांच्या हातातले पत्ते जमिनीवर पडले. टोपी घालायलाही ते थांबले नाहीत. पोट सावरत, कमरेची किल्ली चाचपत ते बोळात आले. "आलो, आलो बाईसाहेब! आत्ताच जरा..." असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि मग इकडेतिकडे बघितलं.

"बाई कुठायत?"

ग्राझी त्यांच्या हाताखालून आत सटकली होती.

"ए पोरी! परत ये! पायऱ्या निसरड्या आहेत!" काकांनी बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. वायरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. आता मात्र त्यांचा आवाज बदलला. "अरे देवा... खाली पाणी भरलंय!"

ग्राझीने मोबाईलचा दिवा लावला. शाळेच्या सहलीत ती इथे आली होती, पण तेव्हा चाळीस मुलं होती आणि बाई होत्या. आता नुसता काळोख होता, ओल्या चुन्याचा वास होता, आणि पायऱ्यांवरून तिच्याबरोबर खाली धावणारं पाणी होतं. शेवटची पायरी उतरली, तर पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. बर्फासारखं गार!

दोन्ही बाजूंना खडकात कोरलेले खण होते. एकेका कुटुंबाचा एकेक, कपाटाएवढा. ती एकेका खणात उजेड टाकत गेली. रिकामा. रिकामा. मागे वळावं असं तिला फार वाटलं. तेवढ्यात तिला पुटपुटणं ऐकू आलं.

"नमो मरिये, कृपेने पूर्ण..."

ग्राझी जागीच खिळली. परदेशी पाहुणी आपल्या भाषेत प्रार्थना म्हणत होती! आणि तीही जुन्या वळणाची, ग्राझीच्या पणजीसारखे शब्द ओढत.

शेवटून दुसऱ्या खणात, दगडी कट्ट्यावर सतरा नंबर बसली होती. एक पाय विचित्र वाकडा झाला होता. ओठ निळे पडले होते. उजेड डोळ्यांवर आला तशी तिने हात आडवा धरला आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

बिर्गूतला कोणीही म्हातारा लहान मुलाला पहिल्यांदा हेच विचारतो, आणि उत्तर घराण्याच्या टोपणनावाने द्यायचं असतं.

"मी... मीठवाल्यांची. ग्राझियेला."

"जोरात बोल. कानातलं यंत्र पडलं पाण्यात."

"मीठवाल्यांची!" ग्राझी ओरडली, आणि ते भुयारभर घुमलं.

"मीठवाल्यांची! अगं, तुझी पणजी या समोरच्या खणात झोपायची. घोरायची मेली! बॉम्बपेक्षा तिचाच धाक जास्त." म्हातारी हसली, पण हसताना तिचे दात वाजत होते. "मी फिलोमेना, फारुजांची. लढाईनंतर आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलो. सत्तर वर्षांनी आले, एका दुपारपुरती."

"मग गाईडला का नाही सांगितलंत, आजी?"

"काय सांगायचं त्याला? भाऊ शोधायचाय म्हणून? सालवू. माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा. याच खणात तापाने गेला. वर बॉम्ब पडत होते. दोन दिवस बाहेर नेता आलं नाही. आईने भिंतीवर क्रूस कोरला होता. तेवढा बघून निघणार होते. मग दिवे गेले नि पाय घसरला."

पाणी आता गुडघ्याखाली चार बोटांवर आलं होतं. मागे काकांच्या आणि शांद्रूच्या हाका घुमत होत्या. तिने ओरडून जागा सांगितली, मग भिंतीवर उजेड टाकला. इथे छिन्नीचे ओरखडे, तिथे चुन्याचे डाग. क्रूस कुठेच नव्हता.

"नाहीये ना?" आजींनी विचारलं. "जाऊ दे. मीच वेडी."

"आजी, तुमची आई तो कोरताना कुठे होती?"

"कुठे असणार? त्याच्या उशाशी. गुडघ्यांवर."

ग्राझीही गुडघ्यांवर बसली. पाणी कमरेला लागलं तसा तिचा श्वासच अडकला. कट्ट्याच्या कडेखाली, जिथे उभ्या माणसाचं लक्ष जाणारच नाही, तिथे तिने बोटं फिरवली. एक उभी खाच लागली. तिच्यावर आडवी. आणि खाली वेडंवाकडं 'स'.

तिने आजींचा हात धरून तिथे नेला. आजींचं बोट त्या खाचेत बसलं आणि तसंच राहिलं. पाणी त्यांच्या मनगटापर्यंत चढलं होतं.

"किती खाली आहे गं," त्या म्हणाल्या. "किती लहान होता."

मग विस्तिनकाका आले. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. त्यांनी आजींना पाठुंगळी घेतलं, शांद्रूने त्यांचा दुखरा पाय सांभाळून धरला, ग्राझीने पुढे उजेड धरला, आणि पायरी पायरी करत सगळे वर आले. तुमासने तोपर्यंत अँब्युलन्स बोलावून अर्धी गल्ली गोळा केली होती.

थोड्या वेळाने सिल्वियोही घामाघूम होऊन आला. जहाजावरून एक प्रवासी कमी असल्याचा फोन आला होता आणि तो पलीकडच्या शहरात दुकान न् दुकान धुंडाळत होता.

"पण मी मोजले होते!" तो शपथेवर सांगू लागला. "चाळीसच्या चाळीस!"

"चाळीस डोकी मोजलीत!" शांद्रू उसळला. "त्यातलं एक हिरव्या कागदाचं होतं! कागदावरचे नंबर वाचायला काय झालं होतं?"

सिल्वियोने छत्री मिटून काखेत मारली. विस्तिनकाका मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याला एकट्याला नको बोलूस. मी वरच्या पायरीवरून हाका मारल्या. खाली उतरलो नाही." आणि त्यांनी मान खाली घातली.

अँब्युलन्सचं दार लागत असताना बंदरावरून जहाजाचा भोंगा झाला. लांबलचक, जड. पाच वाजले होते, जहाज निघालं होतं. आजींना तो ऐकू आला नाही. ग्राझीने त्यांना सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. संध्याकाळी चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत, फादर मारियूंनी वस्तीतल्या मृतांची यादी वाचली. ग्राझीने सकाळीच त्यांना जाऊन गाठलं होतं. यादीच्या शेवटी त्यांनी वाचलं, "सालवू फारुजा. वय वर्षं चार."



बाहेर आल्यावर मुलांभोवती गर्दी झाली. नगरपालिकेच्या खऱ्याखुऱ्या बाईंनी तिघांचे हात हातात घेतले. "तुम्ही नसता तर आज यादीत आणखी एक नाव असतं," त्या म्हणाल्या. फादर मारियू म्हणाले, "बारा वर्षांच्या मुलीने जे बघितलं, ते आम्हा मोठ्यांना दिसू नये!" पप्पा फारसे बोलणारे नव्हेत. त्यांनी ग्राझीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा फोन उचलायला हवा होता मी," ते म्हणाले. "शाब्बास, बाळा." तुमासला एकदम तीन जणांनी मिठाई देऊ केली आणि त्याने तिघांनाही नाही म्हटलं नाही. ग्राझीला मात्र हसू येत नव्हतं. कौतुक गोड होतं, पण गुडघ्यांना अजून ते गार पाणी लागत होतं.

तिसऱ्या दिवशी तिघं हॉस्पिटलात गेली. आजींचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि कानात नवं यंत्र होतं. मुलगा ऑस्ट्रेलियाहून निघाला होता. विस्तिनकाका आधीच खुर्चीवर बसून होते. त्यांनी गरम पास्टित्सी, म्हणजे चीजच्या खुसखुशीत करंज्या, आणल्या होत्या आणि त्या कागदातून काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

"नाव वाचलं म्हणे?" आजींनी विचारलं.

"हो! मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी ऐकलं," ग्राझी म्हणाली.

"वय पण?"

"वय पण. वर्षं चार."

आजींनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पाऊस होताच. मग त्या एकदम हसल्या. डोळे भरून आले, तरी हसतच राहिल्या.

"चार म्हणाले का मी? साडेचार होतं गं ते. चार म्हटलं की रडायचा. त्या अर्ध्यासाठी अख्ख्या भुयाराशी भांडायचा!"

ग्राझीने त्यांचा हात घट्ट धरला.

"पुढच्या वर्षी मी फादरांच्या बाजूलाच उभी राहीन, आजी," ती म्हणाली. "साडेचारच वाचायला लावीन."