छत्रीघर

नऊ दिवस पाऊस हटला नव्हता आणि घरातलं एकही पांघरूण कोरडं राहिलं नव्हतं. धाकटीला खोकला लागलेला, आणि मोठा अंथरूण ओलं करायचा ते वेगळंच. म्हणून दुपारची जेवणं आटोपल्यावर मी चार चादरी आणि एक घोंगडी पिळून टोपलीत घातली आणि मनोऱ्याकडे निघाले. एवढंच काम होतं. घाबरण्यासारखं त्यात काय असणार?

मनोरा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही राहायचो ती इमारत लढाईच्या काळात विमानतळाचं छत्रीघर होती. विमानाला काही झालं की माणूस बाहेर उडी घेतो, पाठीवरच्या गाठोड्यातून रेशमाची भली मोठी छत्री उघडते आणि तो हळूहळू खाली येतो. त्या छत्र्या इथे घडी घालून बांधल्या जायच्या. ओलं रेशीम एकमेकाला चिकटतं आणि वेळेला उघडत नाही, म्हणून आधी छत्री उंच टांगून वाळवायची. त्यासाठी इमारतीच्या टोकाला चार मजली उंच, आतून पोकळ मनोरा. खिडकी एकही नाही. वर छपराखाली वारा खेळायला फटी, आणि मधोमध कप्पीवरून सोडलेला दोर.

लढाई संपली आणि विमानं निघून गेली. धावपट्टीवर लोक धान्य वाळवायला लागले, आणि संध्याकाळी तिथेच मालमोटार चालवायला शिकणारे यायचे. एका मोठ्या शेडमध्ये बर्फाचा कारखाना निघाला, दुसरीत शाळा. छत्रीघर आमच्या वाट्याला आलं, अर्धं आम्हाला आणि अर्धं थोरल्या दिरांना. घर पन्नास हात लांब आणि सहा हात रुंद. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "बांधणाऱ्याकडे फूटपट्टी होती, पण ती आडवी धरायचं त्याला सुचलं नाही." घडी घालायचं लांबलचक टेबल दारातून बाहेर निघेना. मग तिथेच करवतीनं कापलं. एका तुकड्यावर आम्ही निजायचो, एकावर मुलं अभ्यास करायची, एकावर स्वयंपाक. मला ते घर फार आवडायचं, अजूनही आवडतं.

आणि ते टेबल मला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याच टेबलाशी मी आणि जाऊबाई, म्हणजे थोरल्या दिरांची बायको, समोरासमोर उभं राहून छत्र्या बांधायचो. मी अठराची होते. रेशमाची एकेक पाकळी ओढायची, हातानं सपाट करायची, ती हलू नये म्हणून वर शिशाची वजनं ठेवायची. तळहाताएवढ्या कापडी पिशव्या होत्या त्या, आत शिसं भरलेलं. घडी पुरी झाली की वजनं काढायची, दोऱ्या नागमोडी बसवायच्या, गाठोडं आवळायचं आणि चिठ्ठीवर आपली खूण करायची. लिहिता येणाऱ्या सही करायच्या. मी अंगठा उठवायचे. कुणातरी परक्या मुलाच्या पाठीवर माझा अंगठा ढगांत जायचा.

नियम एकच कडक होता. पाळी संपताना वजनं मोजायची आणि आकडा मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंना, सांगायचा. एका टेबलाला दहा. एक जरी कमी भरलं, तर ते कुठल्या तरी घडीत राहिलंय असं धरायचं आणि त्या पाळीचं प्रत्येक गाठोडं परत उघडायचं.

एके सकाळी, रात्रपाळी संपताना, नऊ भरली.

मी दोनदा मोजली. टेबलाखाली वाकून पाहिलं. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा जाऊबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"दहा आहेत."

"नऊ आहेत, जाऊबाई."

"तुला मोजता कधीपासून यायला लागलं? दहा आहेत म्हणते ना. जा, पदर सारखा कर, मोठ्या बाई येतायत."

बाहेर इंजिनं सुरू झाली होती. गाठोडी माणसांच्या पाठीवर चढली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, "किती?" आणि मी म्हटलं, "दहा."

त्या दिवशी एक विमान परत आलं नाही. त्याचं काही सापडलंही नाही, ना पत्रा, ना माणूस. जाऊबाई आणि मी त्यावर एक शब्द बोललो नाही. पण लढाई संपली, मुलं झाली, घर भरलं, तरी रोज चादर झटकताना माझ्या मनात तेच यायचं. ते दहावं वजन कुणाच्या पाठीवर गेलं? त्याची छत्री उघडली का?

तर, त्या पावसाळी दुपारी मी मनोऱ्यात शिरले. दार लोटल्यावर आत भरदुपारी तिन्हीसांज. पावसाचा आवाज बाहेरच राहिला, आणि आत फक्त थेंब, एक इकडे, एक तिकडे. मी पहिली चादर दोराला अडकवली आणि दोर ओढला.

तो हलेना.

वाटलं कप्पी गंजली. अंगाचा भार टाकला. दोर हातभर खाली आला, थांबला, आणि सावकाश हातभर परत वर गेला. ओल्या चादरीचं वजन मला ठाऊक आहे. आणि माणसाचंही. छत्रीघरात नव्या बायकांना पट्ट्यांत बांधून ह्याच दोराला टांगायचे, आपण काय पेलतोय ते त्यांना कळावं म्हणून. वर जे होतं ते चादरीसारखं भरत नव्हतं.

मग वास आला. ओल्या रेशमाचा, भिजलेल्या कातड्याचा, आणि मागून करपलेल्या तेलाचा. वर पाहिलं तर नुसता काळोख, आणि त्या काळोखात काहीतरी मोठं, मऊ, भरत होतं आणि ओसरत होतं. झोपलेल्या जनावराचं पोट हलावं तसं.

"ओढू नका, बाई…"

आवाज वरून आला. तरुण होता, दमलेला आणि फार सभ्य. पाण्याचा तांब्या मागावा तसा.

पळावं असं वाटलं, पण दोरावरची मूठच उघडेना.

"कोण आहे?"

"झोका बसतो… ओढू नका."

"नाही ओढत," मी म्हटलं. "कधीपासून… आहात?"

"सकाळी निघालो होतो. धुकं होतं. मग आग लागली…" थोडा वेळ नुसतं रेशीम वाजलं. "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो. तुम्ही छत्रीघरातल्या ना?"

एक सांगते, इतकी वर्षं जे कुणालाच विचारता आलं नव्हतं, ते विचारायला हाच एक माणूस होता. मी वर तोंड केलं.

"तुमची छत्री… उघडली का हो?"

माझ्या कपाळावर एक थेंब पडला. तो कोमट होता.

"माझी तर उघडली, बाई. छान उघडली."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि पदर तोंडाशी धरून रडले. भीतीनं नव्हे हो. पाठीवरून पोतं उतरावं तसं झालं होतं. रडून झाल्यावर मग अक्कल आली.

"मग इतकी वर्षं होतात कुठे?"

"उतरतोय."

"अजून?"

"जमीन दिसते, बाई. तुमचं लांब छप्पर दिसतं, दोरीवरची धुणी दिसतात… जवळ येत नाही." दोर किंचित हलला. "लाल ठिपक्यांचा फ्रॉक कुणाचा? ती काल पायरीवरून पडली. मी ओरडलो होतो. तुम्हाला ऐकू आलं नाही."

धाकटी खरंच पडली होती. मागच्या पायरीवरून, घरात कुणी नसताना. गुडघ्याला खरचटलं होतं, तिनं मला रात्री सांगितलं होतं.

"दमलात का?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"हात भरून आलेत," तो म्हणाला.

मग दोर एकदम हलका झाला आणि सैल होऊन माझ्या अंगावर पडला. मी चादरी अडकवून वर चढवल्या. घोंगडीही चढवली. आलेच होते तर काम अर्धवट कशाला सोडायचं?

जाऊबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. त्यांनी मान वर केली नाही.

"उघडली म्हणाला?"

"छान उघडली म्हणाला. पण अजून उतरतोच आहे."

त्यांनी आणखी पाचसात पाकळ्या सोलल्या. मग म्हणाल्या, "आपण जरा जास्तच चांगली घडी घातली म्हणायची."

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि आमचे हे शेजारून ओरडले, "काय गं, कुणाची निंदा चाललीय? मोठ्यानं करा, आम्हालाही कळू दे." जाऊबाई मात्र सालं ताटात आणि पाकळ्या केरात टाकायला लागल्या होत्या. त्यांच्या हातातली सुरी मी काढून घेतली आणि उरलेला लसूण मीच सोलला.

त्यानंतर मला मनोऱ्याची भीती वाटली नाही. दर पावसाळ्यात मी चादरी घेऊन जायचे, आणि दोर जड लागला की थांबायचे, दोन शब्द बोलायचे. धाकटी पास झाली. मोठ्याला बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली, आता घरी आला की अंगाला हात लाववत नाही इतका गार असतो. तो वरून सगळं ऐकायचा. कधी म्हणायचा, "दिसलं मला." कधी नुसतं रेशीम वाजायचं. जाऊबाई मनोऱ्यात एकदाही आल्या नाहीत. त्यांच्या चादरीही मीच वाळत घालायचे, आणि त्याबद्दल त्या मला वर्षभर ऐकवायच्या, की धाकट्या जावेनं आमचं अंथरूणसुद्धा ताब्यात घेतलंय. वर्षं सुखात गेली. हे गेले तेही झोपेत, टेबलाच्या त्याच तुकड्यावर, पोटभर जेवून.

मग मनोरा धोक्याचा ठरवून पाडला. दोन दिवस धूळ उडत होती. मला वाटलं, आता याची गाठ पडायची नाही. आपल्या माणसाचं बिऱ्हाड हलावं तसं चुकल्यासारखं झालं.

त्याच उन्हाळ्यात मागच्या अंगणात तो ठिपका दिसला.

घार फार उंच असली की तिची सावली जमिनीवर उमटत नाही. खाली येत गेली की आधी नुसता मळकट डाग दिसतो, मग तो गडद होतो, मग कडा उमटतात. इथेही तसंच. आधी मला वाटलं कुणी पाणी सांडलंय. वर पाहावं तर आभाळ निळं, कोरं, पक्षीसुद्धा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात डाग गोल झाला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या पाकळ्या मोजता यायला लागल्या. नातवंडं त्या सावलीत गोट्या खेळतात, म्हणतात, "आजी, इथे पाय भाजत नाहीत." मी त्यांना उठवत नाही. कुणीतरी खाली येतंय, त्याला माणसं दिसलेली बरी.

जाऊबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. दुपारी मी त्यांना हाताला धरून अंगणात आणते आणि खुर्चीवर बसवते.

"आला का गं कुठवर?"

"छपराच्या वर आहे. दोऱ्या दिसतायत आता."

"फार वर्षं लावली मेल्यानं. खाट टाकलीस का?"

"टाकते."

यंदा ऊन तिरपं झालं की छत्रीच्या गोलाखाली माणसाची सावलीही पडते. पाय हलतात ते दिसतात. परवा पहिल्यांदा ती नीट उमटली. मी जवळ जाऊन वाकून पाहिली, मग चष्मा पुसून परत पाहिली. छत्री एकच आहे. तिच्याखाली माणसं दोन आहेत. वरच्यानं खालच्याला दोन्ही काखांतून घट्ट धरलंय. खालच्याची मान पुढे पडलीय, आणि त्याच्या पाठीवर गाठोडं आहे, जसं टेबलावरून उचललं होतं तसंच, आवळलेलं, न उघडलेलं.

"धाकटे, बोलत का नाहीस?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी अंदाजानं हात पुढे केला, माझं मनगट सापडलं तसं धरलं. "एकटाच आहे ना गं तो?"

त्यांचा हात थंड होता. सावली आमच्या पायांपर्यंत आली होती.

"एकटाच आहे, जाऊबाई," मी म्हटलं, आणि आत जाऊन दुसरी खाट, आवाज न करता, बाहेर आणली.