गिरणीदरवाज्यातल्या पाकोळ्या

"आधी दरवाजा, मग आइसक्रीम!" वीब्केनं फर्मान काढलं.

"दरवाज्यात काय बघायचंय?" टोरेनं नाक मुरडलं. तो तिचा मावसभाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कालच हॅम्बुर्गहून आला होता, आणि आल्यापासून त्याचं नाक मुरडलेलंच होतं.

"सातशे वर्षांचा आहे तो!" शेजारची स्वान्ट्ये भडकली. ती होती जेमतेम नऊ वर्षांची, पण गावाला कुणी नावं ठेवलेली तिला मुळीच खपत नसत.

तिघांत वीब्के मोठी, बारा वर्षांची. त्यामुळे रस्ता ओलांडताना स्वान्ट्येचा हात तिच्या हातात, आणि टोरे सायकलींच्या वाटेत गेला की त्याची कॉलरही तिच्याच हातात.

गल्लीच्या टोकाला गावाची जुनी वेस, लाल विटांचा गिरणीदरवाजा, उभा होता. पण आज त्याला खालपासून वरपर्यंत परांची बांधलेली! खाली चुन्याचा माल कालवायचं यंत्र धडधडत होतं आणि वर दोन गवंडी थापीनं भिंतीतली चौकोनी भोकं बुजवत होते. जुन्या काळी बांधकामाचे वासे अडकवायला ठेवलेली ती भोकं.

"ए, तो पक्षी बघ. आंधळा आहे का?" टोरे अचानक म्हणाला.

एक काळा पक्षी बाणासारखा भिंतीकडे आला, ओल्या चुन्यावर आपटला, भेलकांडत वळला आणि पुन्हा आला. पुन्हा आपटला! त्याचा गळा टम्म फुगलेला होता.

वीब्के पुढं सरकली. "पाकोळी आहे ती. गळ्यात पिल्लांसाठी किडे भरून आणलेत. टोरे, तिची पिल्लं आत आहेत!"

"आत म्हणजे... त्या चुन्याच्या मागे?"

वीब्के उत्तर द्यायला थांबलीच नाही. मुकादम हार्टविग परांचीपाशी उभे होते, त्यांच्यासमोर ती जाऊन थडकली. "काका, काम थांबवा! तुम्ही जिवंत पिल्लं गाडताय!"

"कसली पिल्लं?" मुकादमांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद तिच्यापुढे धरला. "तपासणी झालीय. एकूण एक भोक रिकामं. ही सही, हा शिक्का. कागदात आहे ते खरं. चला, पळा!"

"कागद पक्ष्यांनी वाचलेला नाही!" टोरे ओरडला.

वीब्केचं लक्ष मात्र कागदाच्या कोपऱ्याकडे होतं. "सतरा जानेवारी? जानेवारीत तपासलंत? काका, जानेवारीत पाकोळ्या आफ्रिकेत असतात! त्या इथं मे महिन्यात येतात. हे आम्हाला चौथीत शिकवतात!"

"ते मला नको सांगूस. मला कागद मिळाला, मी काम करतोय."

संतापानं वीब्केचे कान लाल झाले. टोरेनं तर परांचीच्या शिडीवर पायच ठेवला. तिनं त्याला मागं ओढलं. "खाली उतर! पडलास तर सगळे तुझ्याभोवती जमतील आणि पिल्लं राहतील तिथंच."

"मग काय करायचं?"

"पिल्लं ओरडत असणार. या धडधडीत ऐकू येत नाहीये, एवढंच. यंत्र बंद पडलं पाहिजे."

तेवढ्यात चर्चच्या घड्याळात एकचा ठोका पडला. यंत्र चालूच होतं. वीब्के आणि स्वान्ट्ये एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ओल्डेनकॉप बाई!" दोघी एकदमच किंचाळल्या.

गावाच्या जुन्या भागात एक ते तीन शांतता पाळायचा नियम होता. त्या वेळात चेंडू एकदा जरी आपटला तरी दरवाज्यालगतच्या घरातल्या ओल्डेनकॉप बाई खिडकीतून अशा काही कडाडत, की चेंडू तिथंच टाकून मुलं पळत. त्या बाईंच्या घराची घंटा आज स्वान्ट्येनं तीनदा वाजवली!

"कारट्यांनो! एक वाजून गेलाय! लाज वाटते का?"

"बाई, आम्हाला नंतर ओरडा," वीब्के घाईघाईनं म्हणाली. "आधी त्यांना ओरडा!"

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. चष्मा वर सरकवला. घरात जाऊन नगरपालिकेचं नियमांचं पुस्तक काढलं आणि सपाता फटकारत त्या सरळ मुकादमांपुढे उभ्या राहिल्या. "कलम चार! वाचता येतं ना?"

मुकादम चाचरले. "पण बाई, आमचं काम..."

"कागदात आहे ते खरं!" तिन्ही मुलं एका सुरात ओरडली.

मुकादमांनी मुकाट्यानं बटण दाबलं. यंत्र थांबलं.

आणि भिंत बोलायला लागली. चिर्र... चिर्र... बारीक, दबलेला आवाज. एका ठिकाणाहून, मग दुसऱ्या ठिकाणाहून. वरच्या गवंड्यानं विटांना कान लावला. त्याच्या हातातली थापी तशीच राहिली. "मुकादम," तो म्हणाला, "आत कोणीतरी आहे हो."

"कागदावर सही करणाऱ्या साहेबांच्या हुकुमाशिवाय मला काही फोडता येणार नाही," मुकादम म्हणाले. पण आता त्यांचा आवाज पार उतरला होता.

"नगरपालिकेत मी रोज तक्रार करते," ओल्डेनकॉप बाई म्हणाल्या. "तिथल्या सगळ्यांचे नंबर मला पाठ आहेत आणि माझा आवाज त्यांना!"

दहाव्या मिनिटाला निसर्ग विभागाचे क्र्योगर साहेब सायकलवरून धापा टाकत हजर झाले. ओठांना अजून जेवणातली मोहरीची चटणी लागलेली होती.

वीब्केनं तो कागद त्यांच्यापुढे धरला. "ही सही तुमची?"

साहेबांनी तारीख पाहिली. भिंतीला कान लावला. ते मानेपासून कपाळापर्यंत लाल होत गेले. "काम मार्चमध्ये सुरू होणार होतं. पुढं ढकललं गेलं, आणि मी... पुन्हा आलोच नाही."

त्यांनी शिरस्त्राण चढवलं आणि ते स्वतः वर गेले. चुना अजून ओला होता, म्हणून बरं. दोघा गवंड्यांनी थापीच्या टोकानं अलगद एकेक भोक मोकळं केलं. सात भोकं बुजवली होती. तीन रिकामी निघाली. तीन भोकांतून चुन्यानं पांढरी झालेली, चोच वासलेली पिल्लं दिसली. सातव्यात काही हललं नाही. साहेब खाली आले तेव्हा त्यांच्या तळहातावर रुमालात एक पिल्लू होतं. निपचित.

स्वान्ट्ये मुसमुसायला लागली. टोरे बुटांकडे बघत राहिला. वीब्केच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "हे पिल्लू मेलं, हेसुद्धा लिहा. कागदावर. आजची तारीख घालून."

साहेबांनी तिथंच, पायरीवर बसून लिहिलं. पिल्लं उडून जाईपर्यंत काम बंद, आणि भोकं कायमची उघडी. मुकादमांनी टोपी काढून खाली सही केली.

"शाबास, पोरांनो!" ओल्डेनकॉप बाईंनी टोरेच्या पाठीत असा धपका घातला की तो दोन पावलं पुढं गेला. "डोळे उघडे ठेवून चालणारी माणसं आहेत म्हणायची या गावात!"

"खरंच," साहेब म्हणाले. "तुम्ही नसतात तर..."

"आम्ही नसलो तरी तपासायला तुम्ही होतात ना!" वीब्के ताडकन म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. "होतो," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी सणकन गेलं. तीच फुगल्या गळ्याची पाकोळी! ती या वेळी आपटली नाही. पंख मिटून थेट भोकात शिरली, आणि आत एकच कल्ला उडाला.