तिसरा हॉर्न

बस रे परशू, उगं फलाटावर येरझाऱ्या घालू नकोस. गाडी घाटात अडकलीया म्हणून आत्ताच सांगून गेले की. कॅसलरॉकात राहतोस आणि गाडी वेळेवर मागतोस? मयूरी, तू ती बॅटरी बंद कर बघू, डोळ्यावर येती. अंधारात भूतबीत आलंच तर आधी मला खाईल. म्हातारं मटण शिजायला वेळ लागतो, तोवर तुम्ही पळा.

हसताय व्हय? मग ऐका. ही ऐकीव गोष्ट न्हाई. आमच्या गुंद गावच्या वासूला घडलेली हाय, आणि शेवटाला मी तिथं व्हतो.

गेल्या साली चैत्राची अमावास्या. रविवार. वासू म्हंजे देवकीचा ल्योक. बेळगावात कॉम्प्युटर शिकला, तिथंच नोकरी केली, आणि बायकोला, सुमंगलाला, दिवस गेले तसा तिला घेऊन गावाला आला. त्यानं आपल्या रानातल्या लोकांसाठी एक ॲप केलं व्हतं. घरात कुणी आजारी हाय, बाई बाळंतपणाला अडली हाय, तर फोनवर एक बटण दाबायचं. आसपासच्या सगळ्या गाडीवाल्यांच्या फोनवर घंटा वाजणार. ज्यानं आधी 'येतो' म्हणलं त्याचं नाव लागणार, बाकीच्यांची घंटा बंद. सुमंगलाला नववा लागला व्हता, म्हणून त्याला घाई. "उमाजीमामा, पहिली घंटा माझ्याच घरनं येणार बघा," म्हणायचा.

आता गुंदात रेंज कुठली? त्यांच्या पडवीच्या खांबाला पिशवीत फोन टांगला तर एखादा मेसेज सुटतो, बोलणं न्हाई व्हत. कॉम्प्युटरचं काम करायचं तर नाल्याच्या वळणावर जायचं. तिथं एका दगडावर बसलं की रेंज लागती. पोरं त्या दगडाला 'ऑफिस' म्हणतात.

मी त्याला म्हणलं व्हतं, "वासू, दिवसाउजेडी जा. आज त्या वळणावर बसू नकोस."

का म्हणलं ते सांगतो. लखू माझा जोडीदार, तवा दोघांच्या बी जीपा. काही सालामागं, भर पावसाळ्यात, नंदिगड्ड्याच्या एका अडलेल्या बाईला आणायला रात्रीचा निघाला, आणि त्याच वळणावर नाल्यानं त्याची जीप ओढून नेली. कुणाला फोन लागला असता तर... न्हाई लागला. ती बाई गेली, पोटातलं गेलं. लखू सकाळी गावला. फार चांगला माणूस व्हता रे. बाळंतपणाची बाई असली की मागच्या सीटवर कांबळं घडी घालून टाकायचा. खड्ड्यांत पोटाला धक्का लागू नये म्हणून.

आणि आमची रीत तर तुम्हाला ठाऊकच हाय. रात्री दारात हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय कडी काढायची न्हाई. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत न्हाई म्हणतात. म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक बी रात्री दारात जाऊन तीनदा हॉर्न देतो.

वासू माझ्यावर हसला. संध्याकाळी जेवला, मोटरसायकल काढली, आणि साडेआठला दगडावर लॅपटॉप उघडून बसला.

काम काय, तर जोडणी. मला त्यानं सांगितलं ते असं. ॲपचा मुख्य प्रोग्राम जावास्क्रिप्टात लिहिलेला. सकाळी तो मोठ्या सर्व्हरवर चढवायचा, तोवर लॅपटॉपवरच चालवून बघत व्हता. आणि सगळी माहिती, नावं, गाड्या, घंटा, ती ठेवायची क्लाउडवर. म्हंजे कुठल्यातरी लांबच्या मशीनमधली कोठीच म्हणा की. प्रोग्रामनं कोठीला हाक मारायची, दार उघडलं की काम सुरू. पण त्या दारावर पहारा असतो. कुठल्या पत्त्यावरनं हाक आली ते बघतो. पत्ता यादीत असंल तरच आत.

आणि आपली रेंज कशी? गेली की गेली, परत आली तर पत्ता नवा. वासू यादीत पत्ता घालायचा, तोवर तो जुना व्हायचा. प्रोग्राम हाक मारतोय, दार उघडत न्हाई. वेळ संपली. परत हाक. वेळ संपली. तास गेला त्यात.

शेवटी वैतागला. यादीत पत्त्याच्या जागी नुसती शून्यं घातली. त्याचा अर्थ, कुठूनबी, कुणीबी येऊ दे. शहरातली पोरं बी करतात म्हणं असं, आणि उद्या बंद करू म्हणतात. पण ती त्या वळणावर बसून करत न्हाईत. आणि ह्या शहाण्यानं तोंडानं बी म्हणलं, "या रे, कुणीबी या! दार उघडं हाय!"

पडद्यावर आलं, जोडणी झाली.

वासूनं टाळी वाजवली. नाल्यात ती घुमली. मग रातकिडे गप झाले.

कोठीत किती जण जोडलेत त्याचा एक आकडा दिसतो. वासूनं आपल्या प्रोग्रामला एकच जोडणी दिली व्हती. आकडा एक पायजे.

आकडा दोन झाला.

त्याला वाटलं, आपलंच कायतरी चुकलं. तेवढ्यात घंटा आली. 'गुंद. देवकीचं घर. बाळंतपण.'

सुमंगला! दिवस भरायला अजून अवकाश व्हता. हा बघतोय, कोण 'येतो' म्हणतंय. आणि लगेच खाली ओळ आली.

'निघालो. ड्रायव्हर, लखू.'

...

काय गं मयूरी, सरकून बसलीस? बस. जवळच बस.

वासूनं ते नाव घातलंच नव्हतं. लहानपणी त्याच लखूच्या जीपवर लोंबकळून शाळेला गेला व्हता तो. त्यानं नाव पुसलं. म्हंजे बाकीच्यांच्या घंटा वाजाव्यात. नाव परत आलं. परत पुसलं. परत आलं. गाडी ठरलेली, म्हणून आमचे सगळ्यांचे फोन गप. त्यानं मला फोन लावला, क्षेत्राबाहेर. दुसऱ्याला लावला, क्षेत्राबाहेर.

एकच उपाय. ती शून्यं काढायची. दार लावायचं. पण दार लावलं तर त्याचा स्वतःचा प्रोग्राम बी बाहेर पडणार, आणि सुमंगलाची हाक तिथंच मरणार. बोट बटणावर. दाबवंना.

तेवढ्यात वारा गार झाला. चैत्रात. ओल्या मातीचा वास...

खाली नाल्यात इंजिन सुरू झालं.

उजेड न्हाई. नुसता आवाज. पाण्यातनं चढल्यासारखा. नाला तर कोरडा. आवाज वर आला. वळणावर आला. ह्याच्या पाठीमागनं गेला. वासूनं मागं बघितलं न्हाई. मला म्हणला, "मामा, मान वळंना."

गुंदच्या वाटेनं गेला.

पडद्यावर ओळ आली. 'पोचलो.'

एवढ्यात? कसं?

त्यानं लॅपटॉप आपटला, मोटरसायकल हाणली. वाटेत माझं घर. दार तीनदा बडवलं, तेवढी शुद्ध व्हती. मी पिकअप काढली. मागं काय हाय, काय न्हाई, बघितलं न्हाई.

देवकीच्या दारात आलो तर बाहेर कुणी न्हाई. दार बंद. आत सुमंगलाचं रडणं. मी हॉर्न दिला. एक. दोन. तीन. तवा कडी निघाली.

देवकी दाराला टेकून बसलेली. अंग घामानं निथळतंय. म्हणली, "उमाजी, गाडी आली रे. एकदा वाजली. मग परत एकदा वाजली. मग नुसती गुरगुरत उभी. सून हात जोडती, आव्वा, दार उघडा, मी मरंन. मी कडी धरून बसले. तिसरा वाजंल, तिसरा वाजंल... न्हाई वाजला. चुकलं का रे माझं?"

वासू पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "माझ्यामुळं झालं, मीच बोलावलं," म्हणत व्हता. मी दंडाला धरून उठवला. "रड नंतर. आधी बायकोला उचल."

पिकअपच्या मागच्या फळीवर कांबळं घडी घालून ठेवलेलं. त्यावर तिला निजवली. हाताला गार लागलं, पण तवा कोण बघतंय? रामनगरचा रस्ता कसला हाय तुम्हाला ठाऊक. दवाखान्यात पोचलो आणि घडीभरात पोरगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "खाली मऊ टाकलंत ते बरं केलंत. पोटाला धक्का बसला असता तर कठीण होतं."

मी देवकीला म्हणलं, "कांबळं टाकायचं बरं सुचलं तुला."

ती म्हणली, "मी कुठं टाकलं? मी तुझं समजले."

...

वासूनं त्याच दिवशी दार लावलं, पासवर्ड बदलले. आता आकडा एकच असतो. ॲप बी चाललंय. पण देवकी अजून मला विचारती, ती कडी काढायला पायजे व्हती का. गाडी न्यायला आलती, का पोचवायला आलती. मला न्हाई सांगता येत. आणि खरं सांगू, मला भ्या वाटतं विचार करायला.

ते कांबळं त्यांच्या अंगणात तारेवर असतं. वर्ष झालं. देवकी रोज उन्हात टाकती. काल मी गेलो व्हतो, दुपारचा, दगड तापून चटके देत व्हता. मी ते दोन्ही हातांनी धरून पिळलं.

पाणी आलं. गढूळ. गार.

आणि आमचा नाला तर माघातच आटलाय.