निश्चिंतीदेवीचं आसन

थालस गुलामीतून सुटला. त्याच दुपारी वाटिया मुकादमाने बजावलं, की असं काही घडलेलंच नाही आणि थालस नावाचा कुणी रोमच्या टांकसाळीत कधी नव्हताच. क्रेसेन्सने मान डोलावली. बावीस वर्षं तो थालसच्याच शेजारी काम करत होता, पण मुकादमाशी वाद कोण घालणार?

सकाळी काम रोजचंच होतं. क्रेसेन्सने तापलेली काशाची चकती चिमट्याने ऐरणीतल्या ठशावर ठेवायची. तो ठसा सम्राटाच्या तोंडाचा. वरून दुसरा ठसा धरायचा; त्यावर निश्चिंतीदेवी आसनावर रेललेली, हातावर डोकं टेकून. मग थालसचा घण. तपासायचं ते फक्त सम्राटाचं तोंड. त्याचं नाक वाकडं उमटलं तर खाणीत रवानगी. देवीच्या नाकाचं कुणाला पडलंय?

ही शेवटची टोपली आज भरली, तर थालस गुलामीतून मोकळा होणार होता.

"सुटलास की काय करशील रे?"

"रोज इथे येईन. तुला शिव्या देईन आणि घरी जाईन."

टोपली अर्धी भरली तेव्हा एक नाणं उलटं पडलं. त्यावर देवीचा एक पाय जमिनीला टेकला होता.

क्रेसेन्सने वरचा ठसा फिरवून पाहिला. ठशावर देवी रेललेलीच. पुढच्या नाण्यावर ती उभी होती. त्याच्या पुढच्यावर तिने तोंड वळवलं होतं, सरळ त्यांच्याकडे.

"थांब रे, थालस."

"मेल्या, आज थांबू? आजच?"

वाटिया तणतणत आला. "काय लावलंय, माकडांनो?"

"मुकादम, देवी उठलीय."

"सम्राटाचं नाक?"

"शाबूत आहे."

"मग करू दे तिला पाय मोकळे. हाण!"

थालसने हाणला. आसन रिकामं होतं.

भट्टीच्या धगीत केसांच्या तेलाचा वास आला. क्रेसेन्सच्या मानेवर गार श्वास.

"तुझ्यामागे कोण आहे?" थालसने विचारलं.

क्रेसेन्सने वळून पाहिलं नाही. शेवटची चकती ठेवली.

घण पडला. नुसता घण; तो धरणारा थालस जागेवर नव्हता.

नाण्यावर थालस रेलून बसला होता, हातावर डोकं टेकून. तोंड मात्र ओरडताना असतं तसं उघडं.

वाटियाने नाणं सुलटं केलं, नाक पाहिलं, टोपलीत टाकलं. चिमटा स्वतः घेऊन घण क्रेसेन्सला दिला. नव्या टोपलीचं पहिलंच नाणं निघालं. आसन पुन्हा रिकामं.

क्रेसेन्सने मेणाच्या पाटीवर अर्ज खरडला:

'निश्चिंतीदेवीचे आसन तूर्त रिकामे आहे. अर्जदाराचे गुडघे धरलेले असल्याने त्यास बसणे जमणार नाही. तरी सदर जागी अन्य लायक इसमाची नेमणूक व्हावी, व ती होईपर्यंत अर्जदाराच्या खांद्यावरील हात काढून घेण्याची देवीस समज द्यावी, ही विनंती.'