सरजाबाईचं राहिलेलं पान

ते मोबाइल खिशात घाला, न्हाईतर उठा इथून. महारुद्राचं काय झालं ते सांगतो. महारुद्र म्हंजे आमच्या साडूचा थोरला, झरीचा. खोटं वाटलं तर त्यालाच जाऊन विचारा. तो सांगणार न्हाई, पण त्याचं तोंड बघून या.

गेल्या साली सर्वपित्री अमावस्येला, दिवस मावळायच्या वक्ताला, तो झरीहून गंगाखेडला निघाला. फटफटीला सतरंजी बांधलेली. काम एकच. स्वतः सजवलेल्या घरात एक रात झोपून दाखवायचं.

त्याचा धंदाच तसला. जुनं घर घ्यायचं, नटवायचं, विकायचं. बाजारात म्हातारी म्हैस कशी खपवतेत? शिंगं घासायची, तेल लावायचं, कास तुंबवायची. तसंच. ज्या घरात आपण एक दिवा लावला न्हाई, ते लोकाला ‘लक्ष्मीचं घर’ म्हणून गळ्यात मारायचं. थू असल्या हुशारीवर!

हे घर सरजाबाईचं. नदीकडल्या बोळात, दोन खणाचं, वर मातीचं माळवद. बाईला मूल न्हाई, नवरा कवाच गेलेला. घरातच मेली. पुतण्या पुण्याहून आला, कागदावर सही केली आन् गेला. म्हातारीचं दिवसपाणीबी धड केलं न्हाई. पुतणे तरी कुठं माणसात राहिले आता!

महारुद्रानं माळवद उतरवून स्लॅब टाकला, पांढऱ्याफेक फरशा बसवल्या. राहिली आतली मातीची चूल. मुंजाजी मिस्त्रीनं पहार उचलली, तर शेजारची चांगुणाबाई धावत आली.

“थांब लेकरा! चूल अशी मोडत न्हाईत. तिच्यावर शेवटचा सैपाक करतेत, मालकिणीच्या नावानं पान वाढतेत. मंग दूध शिंपडून उतरवतेत.”

“मावशी, ते मालकानं करायचं. मी कुठं मालक? मी विकायलोय.”

“कागदावर नाव कुणाचं हाय?”

“माझं. पण जो राहील तो मालक. तो वाढील तिला पान.”

“तवर म्हातारीनं उपाशी बसावं का?”

“ढाब्यावरनं पार्सल आणू का तिला?”

हसला. एकटाच. मुंजाजीनं पहार भिंतीला टेकवली आन् तंबाखू मळत बसला. मंग महारुद्रानंच चूल फोडली. माती मलब्यात गेली, तिथं काळा ग्रॅनाइटचा ओटा झाला.

गिऱ्हाईक मिळालं दिनकरराव, रिटायर मास्तर. घर पसंत. पण ‘म्हातारी अजून घरातच हाय’ म्हणून बोळातल्या बायांनी कान भरलेले. मास्तर म्हणला, “माझा विश्वास नाही हो, पण आमची मंडळी ऐकत नाहीत. उद्या घट बसतात. आज अमावस्येची रात्र तुम्ही एकटे झोपून दाखवा, सकाळी इसार देतो.”

जलमभर पोरांना ‘भूत नसतं’ म्हणून शिकवलं या गड्यानं. भ्यायचं स्वतः आन् नाव बायकोचं.

महारुद्राला न्हाई म्हणता येईना. एका घराला भूत लागलं म्हणून बोंब झाली की त्या माणसाचं दुसरं घर गंगाखेडात कोण घेतंय? धंदाच बुडायचा.

ढाब्यावर जेवून तो आला. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. लाइट चालूच ठेवली. भ्याला न्हाई म्हणे, मच्छरं होती!

मध्यरात झाली. कुठंतरी रेल्वेनं शिट्टी मारली. बोळातली कुत्री गप झाली.

आन् वास आला. गवरीच्या धुराचा.

उठून आत पाहिलं. ओटा थंडगार. गॅस तर जोडलेलाच न्हाई. परत येऊन आडवा झाला.

थप... थप... थप...

भाकरी थापायलं होतं कुणीतरी.

त्यानं डोळे मिटले. घट्ट. लाइट गेली. ते मिटल्या डोळ्यालाबी कळालं.

थापणं थांबलं. पावलं वाजली न्हाईत. नुसती लुगड्याची सळसळ. जवळ आली. उशापाशी थांबली.

फरशीवर काहीतरी ठेवलं. जड. पितळेचं असावं. गरम पिठल्याचा वास थेट नाकात.

नुसती वाट बघणं...

“काकू...” त्याच्या तोंडून आलं. “मी मालक न्हाई... मी तं...”



समोर दुसरं ताट ठेवल्याचा आवाज.

मंग कुणीतरी जेवायला लागलं. सावकाश. दात नसलेल्या माणसागत...

उजाडलं तवा मास्तर आला. काखेत इसाराची पिशवी. महारुद्र भिंतीला पाठ लावून बसलेला. उजवा हात, जेवायचा, मांडीखाली दाबलेला.

“काय महारुद्रराव, लागली का झोप?”

महारुद्रानं नुसतं फरशीकडं पाहिलं.

मास्तर आत आला आन् थबकला. पांढऱ्या फरशीवर पाण्याचे दोन गोल. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवतेत, तसे. समोरासमोर. आतली जागा कोरडी. ताट न्हाई, खरकटं न्हाई.

“पाहुणे होते का रात्री?”

महारुद्रानं मान हलवली. हो म्हणला का न्हाई, ते कळालं न्हाई.

मास्तर तसाच मागं सरला. उंबऱ्याबाहेर चपला हातात घेतल्या आन् पळाला. पायात घालायलाबी थांबला न्हाई. विश्वास नव्हता ना त्याचा!

महारुद्रानं टॉवेल घेतला. आपल्या पुढचा गोल पुसला. पुसला गेला.

समोरचा पुसला...

टॉवेल कोरडा.

तो गोल आजबी ओला हाय.