दानम्माच्या खोलीतला चार्जर

"माझ्या पोरीच्या हातनं सासू जळाली का, एवढंच सांगा," शंकरप्पा म्हणाले. "खरंच जळाली असंल तर तसं सांगा. पण नक्की सांगा."

जयसिंगपूरचा हा लिंगायत व्यापारी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं कोल्हापुरात आला होता. समोर खासगी तपासाचं काम करणारे सयाजी इंगवले बसले होते. त्यांच्याशेजारी त्यांचा जुना मित्र, फोटोग्राफर गुंडू पोवार.

हकीकत थोडक्यात अशी. शंकरप्पांची मुलगी विद्याश्री गडमुडशिंगीत दिलेली. घरात नवरा मल्लेश आणि अर्धांगवायूनं खाटेला खिळलेली सासू दानम्मा. विद्याश्री शिरोली एमआयडीसीतल्या एका ऑफिसात नोकरीला. मोबाइल काढून न्यायचा आणि चार्जर बोर्डात तसाच ठेवायचा, ही तिची सवय. गेल्या मंगळवारी दुपारी सासूच्या खोलीला आग लागली आणि म्हातारी गेली. चार्जर पेटला, असं सगळ्यांनी ठरवलं. पोलिसांनीही अपघाताची नोंद केली.

"विद्याश्री काय म्हणते?"

"मीच मारलं म्हणतीया. दुसरं काय बोलतच न्हाय."

तासाभरात तिघं गडमुडशिंगीत पोचले.

खोलीत अजून जळका वास होता. खाटेचा सांगाडा, लाल गोधडीचे जळके तुकडे, राख आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत काजळी. बोर्डात चार्जर तसाच होता. मल्लेश तो आल्यागेल्याला दाखवत होता.

"बघा. रोज सांगायचो, काढत जा म्हणून. ऐकायचीच न्हाय."

"तुम्ही कुठं होता?"

"शिरोलीच्या फौंड्रीत, पहिल्या पाळीला. तीनला सुटलो, चारला घरी आलो. सगळं विझलं होतं. आमच्या अव्वाला दवाखान्यात नेलं होतं."

सयाजींनी भिंतीवरची तसबीर उचलली. मागं चुन्याचा पांढराशुभ्र चौकोन होता. मग त्यांनी चार्जर ओढून काढला. त्याच्यामागचा बोर्ड बाकीच्या भिंतीइतकाच काळा होता. चार्जर एका अंगानं वितळून चपटा झाला होता आणि त्या चपट्या अंगात लाल धागे रुतले होते.

"याचा फोटो घे," ते गुंडूला म्हणाले. "मग शिरोलीला जा. फौंड्रीच्या गेटवर पाळीची वही बघून ये."

शेजारची चिमणाबाई ओट्यावरच बसली होती.

"एक वाजता म्हातारीला जेवण घातलं. दीडला दार नुसतं लोटून मी घरी गेलो. मिक्सर बंद पडलेला, म्हणून पाट्यावर चटणी वाटत बसलो. अडीचला धूर दिसला. धावत आलो, बाहेरची कडी काढली, तर आत जाळच जाळ!"

"आग विझल्यावर आत कोण गेलं?"

"कोण जातंय, पावणं? म्हातारीला काढली आन् तिच्यासंगं सगळी दवाखान्यात. मी दारात बसून हुतो. चारला मल्लेश आला, एकटा आत गेला आन् चार्जर, चार्जर म्हणून वरडत भाईर आला. पोलिस त्याच्या मागनं आलं."

विद्याश्री आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"सासूचं तुमच्याशी कसं होतं?"

"आईसारखं. सहा वर्षं झाली, मूल नाही. यांना दुसरं लग्न करायचंय. सासूबाई म्हणायच्या, हिला हाकललंस तर मलाही हिच्यासंगं जयसिंगपूरला टाकून ये. मग गावाला काय तोंड दाखवशील ते बघतो."

चारच्या सुमारास गुंडू परतला. मल्लेशनं मंगळवारी साडेबाराला गेटपास घेतला होता. कारण लिहिलं होतं, आई आजारी.

"म्हणजे तो लवकर निघाला," गुंडू म्हणाला. "पण पेटला चार्जरच की!"

सयाजींनी पोलिस पाटलांना बोलावलं आणि सगळ्यांना बाहेरच्या सोप्यात बसवलं.

"चिमणाबाई, मिक्सर बिघडला होता का?"

"न्हाय वो. लाईटच नव्हती. बारापास्नं तीनपर्यंत लोडशेडिंग हुतं."

"आग अडीचला दिसली. वीज नसताना चार्जर पेटेल कसा?"

गुंडूनं तोंडाला हात लावला. मल्लेश मात्र म्हणाला, "मग अव्वाजवळची रॉकेलची चिमणी लवंडली असंल. लाईट न्हाय तर..."

"भर दुपारी चिमणी? बरं, दुसरं बघू. तसबिरीमागं भिंत पांढरी राहिली, कारण आगीत ती जागेवर होती. चार्जरमागं मात्र काजळी आहे. म्हणजे आग लागली तेव्हा तो बोर्डात नव्हता. मग होता कुठं? हे लाल धागे गोधडीचे आहेत. तो खाटेवर वितळला."

चिमणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "व्हय की! म्हातारीला त्याचं भ्या वाटायचं. जेवताना तिनंच काढाय लावला, मी खाटंवर ठेवला. सगळी म्हणाली चार्जरनं जळाली, मग मला वाटलं, काढाय इसरलोच."

"विझल्यावर बोर्डात तो कुणीतरी घातला. पोलिसांच्या आधी आत एकच माणूस गेला होता. आणि चिमणाबाई, तुम्ही दार लोटून गेलात. परत आलात तेव्हा कडी?"

"भाईरनं लावलेली..."

"साडेबाराला फौंड्रीतून निघालेला माणूस दीड ते अडीचमध्ये इथं आला. त्यानं गोधडी पेटवली आणि कडी लावली. बायकोची सवय सगळ्यांना ठाऊक होती. चार्जर बोर्डात असेलच, असं धरून तो गेला. चारला बघतो तर बोर्ड रिकामा. म्हणून खाटेतला उचलून त्यानं तो तिथं खोचला. आई अडवत होती, ती गेली. बायको आपणहून गुन्हेगार ठरली. दुसऱ्या लग्नाला वाट मोकळी."

मल्लेश उठला. दारात पोलिस पाटील उभे होते. तो पुन्हा खाली बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "ती वरडली न्हाय. माझ्याकडं नुसती बघत हुती."

शंकरप्पांनी डोळे मिटले.

मल्लेशला घेऊन पोलिसांची जीप गेली. शंकरप्पा मुलीजवळ आले. "चल बाळ, आपल्या घरी."

विद्याश्रीनं नको म्हणून मान हलवली. ती चिमणाबाईकडं वळली.

"मला मातीला येऊ दिलं नाही, मावशी. सासूबाईंना कुठं पुरलंय, ते तरी दाखवता?"

चिमणाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तिचा हात धरला. दोघी माळाच्या वाटेला लागल्या. थोडं अंतर ठेवून शंकरप्पाही मागोमाग निघाले.