तीन महिने वजन नको

अभिमन्यू पहिल्यांदा आला तो स्वतःच्या दुखण्यासाठी नाहीच. शेजारच्या म्हाताऱ्याचा गुडघा दाखवायला आला होता. धारूरच्या बसस्टँडसमोर, औषधाच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. जिना चढताना त्यानं म्हाताऱ्याला डाव्या हाताचा आधार दिला होता... उजवा मात्र पोटाशी धरून ठेवलेला.

"खांदा कधीपासून दुखतोय?" म्हाताऱ्याचा गुडघा तपासता तपासता मी विचारलं.

"माझं न्हाई मॅडम, आजोबाचं बघा."

"शर्टाचं वरचं बटण लावलेलं नाही तुम्ही. हात तिथवर पोचत नाही ना?"

त्यानं खाली शर्टाकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. पाहण्याची सवय माझ्या धंद्याचीच. पण त्या दिवशी मी जरा जास्तच पाहिलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. सहा वर्षं ऊसतोडीला जात होता. उसाच्या मोळ्या डोक्या-खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायच्या. गेल्या हंगामाच्या शेवटी खांद्यात कळ आली. कुणीतरी तेल लावून चोळलं, कुणी म्हणालं हलवू नको, म्हणून त्यानं दोन महिने हात गळ्यात बांधून ठेवला. मी त्याला समजावलं की आधी स्नायूला इजा झाली होती, पण नंतर हात बांधून ठेवल्यामुळे सांधाच जखडला. आता तो हळूहळू, दुखत दुखतच मोकळा करावा लागेल.

"म्हंजी दुखन्यापरीस जपन्यानं वाट लावली म्हना," तो म्हणाला.

शिकायला फार हुशार होता. वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके झोके द्यायचे, काठी दोन्ही हातांत धरून वर न्यायची, बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्यायची — सगळं एकदा दाखवलं की पुरे. कोन मोजायची पट्टी मी त्याच्या खांद्याला लावली की तो श्वास धरून विचारायचा, "आज किती?" पहिल्या दिवशी सत्तर अंश होतं. पंधरा दिवसांनी पंच्याण्णव.

घरच्या भिंतीवर तो रोज पेन्सिलीनं खूण करायचा. आई विचारायची, भिंतीवर कोण बसलंय रे, सारखा चढतोस ते?

"मग काय सांगितलंत?"

"म्हनलं, हाय एक जन."

मी शेकायच्या पिशवीचं पाणी बदलायला आत गेले. पाणी गरमच होतं.

श्रावणातल्या भुरभुरीत तो भिजत यायचा, दाराशी चपला काढायचा, केस झटकायचा. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं लागली तशी एक पिशवी घेऊन आला. फळ फोडून निम्मं माझ्यासमोर धरलं. बिया कुठे टाकायच्या म्हणून मी घुटमळले, तर त्यानं आपला तळवा पुढे केला. मी बिया त्याच्या तळव्यात टाकल्या.

पण खांदा एकशे तीसवर येऊन थांबला. तीन आठवडे पट्टी तिथून हलेना. मी पुस्तकं उघडली, माझ्या सरांना फोन केला. मग एका दुपारी मी शेजारच्या खोलीतून आले तेव्हा तो पाठमोरा उभा होता. सीताफळांची पिशवी त्यानं खिडकीवरच्या उंच खुंटीला अडकवली — उजव्या हातानं, टाचा न उचलता.

"मग पट्टीवर रोज एकशे तीसच का?" मी म्हणाले.

तो वळला. पिशवी पुन्हा खाली काढली. मग म्हणाला, "बरा झालो तर इथं यायचं कारन काय सांगू?"

रागवायला हवं होतं मी. रागावलेही, थोडीशी. पण पिशवीतलं एक सीताफळ फोडून मी निम्मं त्याच्यासमोर धरलं.

दसरा जवळ आला तसे तोडीवर जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागले. तोडीला माणूस एकटा जात नाही. दोघांचा मिळून एक कोयता धरतात, एक जण तोडतो, दुसरा मोळी बांधतो, वाहतो. अभिमन्यूचे वडील सुग्रीवअण्णा एका सकाळी क्लिनिकमध्ये आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की पोराला या साली न्यावं का.

अभिमन्यू माझ्या मागे उभा होता. आदल्याच दिवशी मी मोजलं होतं. हात पुरा वर जात होता, ताकदही परत आली होती. बेतानं, आधी हलकं आणि मग जड, असं काम तो नक्की करू शकला असता.

"तीन महिने वजन नको," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. डॉक्टर खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. जाताना मला नमस्कार करून गेले. अभिमन्यू काही बोलला नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. तो घर आणि जनावरं सांभाळायला मागे राहिला होता. रविवारी आम्ही किल्ल्यावर जायचो. तटाच्या सावलीत बसून एकदा त्यानं, नीट शब्द जुळवत, लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले. परळीला माझ्या घरी कसं सांगायचं, त्याच्या घरी कसं, सगळं ठरवत बसलो. त्याच्या जागी कोयत्यावर कोण गेलं, एवढं मात्र मी विचारलं नाही. माझा दर दुसरा पेशंट तोडीवरचा. मला विचारायची गरज नव्हती.

जानेवारीत अभिमन्यूला कारखान्यावरून फोन आला. मोळी घेऊन फळीवर चढताना त्याची आई, रतनबाई, घसरून पाठीवर पडली होती. मणक्याची गादी सरकून नस दाबली गेली. तिकडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण तोवर चार दिवस गेले होते.

महिन्याभरानं अभिमन्यूनं तिला दोन्ही हातांवर उचलून माझा जिना चढवला. मी तिचं उजवं पाऊल हातात घेतलं, वर ओढायला सांगितलं. तिनं दात आवळले. कपाळावर घाम आला. पाऊल तसंच लोंबत राहिलं.

"माजं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्याचा खांदा बरा झाला ना? तुमी येळेवर सांगितलं म्हून हात वाचला पोराचा."

मी मान हलवली. मला तिथे उभं राहवेना. जिन्यात आले, तर अभिमन्यू मागोमाग आला.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "आत्ता सांगते. खोटं माझं होतं."

"मी मागं हुबा व्हतो ना." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "हात माजा व्हता. मला तर तुमच्याहून जास्त ठाव व्हतं."

"म्हणून सांगूया. दोघांनी."

"नगा सांगू. पोराचा हात वाचवला, असं वाटतंय तिला. तेवढंच हाय तिच्याजवळ आता." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "अण्णा तिकडं एकटे हायेत. उद्या जातो. कोयत्याला दुसरं मानूस लागंल... त्यांनी चुलतमामाची पोरगी बघितलीया."

"आणि आपण?"

खाली बस लागली, माणसं चढली, बस गेली.

"तुमच्याकडं बघितलं की मला आईचं पाऊल दिसंल," तो म्हणाला. "तुमालाबी तेच दिसंल. आसं कसं नांदायचं?"

तो वर गेला, आईला उचलून घेऊन माझ्या शेजारून उतरला. जिना अरुंद होता; त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. त्यानं थांबून पाहिलं नाही.

फाल्गुनात त्याचं लग्न झालं, तिकडेच, कारखान्याच्या तळावर. मला हे रतनबाईनंच सांगितलं. तिला तिची बहीण दर मंगळवारी रिक्षातून घेऊन येते. येताना रतनबाई पदरात काहीतरी बांधून आणते, कधी शेंगा, कधी बोरं. लग्नाचा लाडूही आणला. तुमच्यामुळं पोरगा कामाला लागला, त्याचं लगीन लागलं, असं म्हणून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तो लाडू मी तिच्यासमोर खाल्ला.

मग नेहमीप्रमाणे तिचं पाऊल मांडीवर घेतलं. पोटरी शेकली, अंगठा हलवून दाखवला, आता तुम्ही ओढा म्हटलं. तिनं डोळे मिटून जोर लावला. मग डोळे उघडून मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"जरासा हालला का ओ, मॅडम?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "हलला नाही."

ती थोडा वेळ पावलाकडे बघत राहिली. मग पुन्हा डोळे मिटले, आणि पुन्हा ओढू लागली.